लोकांची पोरं आणि लोकशाही: ठराव क्रमांक ७ चं प्रकरण

‘ठराव क्र. ७ : यापुढे संस्थेतील कोणतीही सदनिका अविवाहित विद्यार्थ्यांना भाड्याने देण्यात येऊ नये. सध्याच्या विद्यार्थी भाडेकरूंनी करार संपताच सदनिका रिकामी करावी. बाजूने १७, विरोधात ४, तटस्थ २. ठराव बहुमताने मंजूर.’

इतिवृत्तातला हा मजकूर माझ्या हातचा आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत आमची ३६ सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे, तिचा मी सेक्रेटरी. निवड बिनविरोध झाली, म्हणजे दुसऱ्या कुणी हातच वर केला नाही. पोटापाण्यासाठी मी प्रुफं तपासतो. त्यामुळे एकच शब्द एका पानावर दोन अर्थांनी आला की माझी नजर तिथे अडकते. १ सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ती ‘लोकशाही’ या शब्दावर अडकली. मी सभेचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करतो, म्हणून शब्द मोजता आला. पाऊण तासात सहा वेळा.

निमित्त काय झालं

३०२ मध्ये इंजिनिअरिंगची चार मुलं राहतात. एक कळवणचा, एक सटाण्याचा, एक शिरपूरचा आणि एक सुरगाण्याच्या पाड्यावरचा. ऑगस्टमधल्या एका रात्री बारा वाजता त्यांनी गच्चीवर वाढदिवस केला. केक, फोमचा स्प्रे, ब्लूटूथ स्पीकर. प्रकार अर्धा तास चालला असेल. पण खाली २०२ मध्ये तीन महिन्यांचं बाळ होतं. ते उठलं आणि मग सगळा जिनाच उठला.

सकाळी पाचला चेअरमन अण्णा पाणी बघायला वर गेले, तर टाकीचं झाकण सरकलेलं. अण्णा सातपूरच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेत. गंगापूर धरण भरलेलं असो की आटलेलं, आमच्या टाकीत पाणी चढतं ते अण्णा पहाटे उठतात म्हणून. पंपाचा आवाज बदलला तर झोपेतून उठून खाली येणारा हा माणूस आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे अण्णा खलनायक वाटू शकतात. तसे ते नाहीत.

खजिनदार म्हणाले, नगरसेवकाला सांगून बघू. कुठला नगरसेवक? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून तिथे प्रशासक होता. सांगायला माणूसच नव्हता, म्हणून विषय सभेत आला. तोही कार्यक्रमपत्रिकेत नव्हता, शेवटच्या ओळीतून घुसला: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. ज्यांनी सभेला दांडी मारली त्यांना दुपारी जेवताना कळलं की आपल्या इमारतीत काहीतरी बंद झालंय.

पार्किंगमधली सभा

प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, कागदी पुड्यांत चिवडा. उपविधीप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या नियमावलीप्रमाणे, गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस जण, यातला जो आकडा कमी तो लागतो. आमचे वीस. हजर होते तेवीस. खुर्च्यांच्या मागे भिंतीला टेकून पाच-सहा बायका उभ्या होत्या. भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, पहिलं नाव नवऱ्याचं आणि नवरा समोर बसलेला, म्हणजे यांनी फक्त ऐकायचं.

अण्णांचं बोलणं रेकॉर्डिंगवरून जसंच्या तसं देतो. ‘लोकांची पोरं येतात, चार वर्षं धिंगाणा घालतात, निस्तरायचं आपण. बंद करा हे भाड्यानं देणं.’ कुणीतरी मागून विचारलं, ‘असं बंद करता येतं का?’ त्यावर अण्णा, ‘का नाही? लोकशाही आहे. हात वर करा, मोजून टाकू.’

एक सभासद उठले. त्यांचा मुलगा पुण्यात असाच चौघांत राहतो. ते म्हणाले, ‘लोकशाही आहे म्हणूनच सांगतो अण्णा, माझ्या फ्लॅटमध्ये कोण राहील ते मी ठरवणार. तुमचे हात नंतर मोजा.’

तिसऱ्या बोलल्या बी विंगमधल्या बाई. बाईंनी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, आख्खी इमारत त्यांना बाईच म्हणते. ‘ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांना निदान बोलवा तरी. ती पोरं वर घरातच आहेत. न ऐकताच निकाल द्यायचा, ही कुठली लोकशाही?’

‘बाई, ती सभासद नाहीत,’ अण्णा म्हणाले आणि हात मोजले गेले.

तिघांनी एकच शब्द वापरला. अण्णांच्या तोंडी तो आकडा होता, फ्लॅटमालकाच्या तोंडी हक्क, बाईंच्या तोंडी सुनावणी. शब्दकोशापुढे तिघेही बरोबर ठरतील, आणि म्हणून तो शब्द त्या दिवशी कुणाच्याच उपयोगी पडला नाही. घरात पोरगं उलट बोललं की वडील कौतुकाने म्हणतात, ‘आमच्याकडे लोकशाही आहे बुवा’. तो आणखी चौथा अर्थ.

इतिवृत्त लिहिताना

रात्री रेकॉर्डिंग ऐकत लिहायला बसलो. ‘१७ मते’ लिहिलं आणि थांबलो. मराठीत मत म्हणजे माणसाला जे वाटतं ते, आणि मत म्हणजे मोजायचा हातही. त्या सभेत सतरा मतं पडली, पण एखादं मत पूर्ण ऐकून घेतलं गेलं असं म्हणवत नाही. शिवाय सतरा हे तेवीसांतले. सभासद छत्तीस. आणि इमारतीत राहणारी मोठी माणसं धरली तर शंभरावर जातात. साध्या ठरावाला हजर असलेल्यांचं बहुमत पुरतं हे खरं. तरी कागदावर ‘संस्थेने ठरविले’ असं लिहिताना पेन जरा अडखळलं.

मग माझी एक थिअरी तयार झाली. दोष ‘शाही’चा आहे. शाही म्हणजे शहाची, राजाची. नाशिककराला तर शाही म्हटलं की सिंहस्थच दिसतो: आखाड्यांच्या मिरवणुका आणि पहिलं स्नान कुणाचं यावरचे जुने मानापमान. निजामशाही, आदिलशाही यांच्यापासून मराठीने हा प्रत्यय उचलला आणि पुढे हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही असे शब्द पाडले. शिवशाही वगळली तर बहुतेक सगळे तक्रारीचेच. लोकशाही हा त्यांच्यातलाच एक, फक्त चांगल्या घरी पडलेला. त्यामुळे आपल्या कानाला ऐकू येतं ते असं: पूर्वी एक राजा होता, आता सतरा जण मिळून एक राजा. ‘ही काय मोगलाई लागून गेली?’ असं विचारणारे आपण, आपले हात जास्त भरले की तोच तोरा दाखवतो.

थिअरी मला फार आवडली होती. दुसऱ्या दिवशी जिन्यात बाईंना ऐकवली. त्यांनी ती दुधाची पिशवी हातात धरूनच निकालात काढली. ‘डेमोक्रसीतला क्रातोस म्हणजे तरी काय हो? जोर, सत्ता. ग्रीकांनी काही मऊ शब्द घेतला नव्हता. आणि हिंदीवाले लोकतंत्र म्हणतात. संविधानाच्या उद्देशिकेत त्यांच्याकडे लोकतंत्रात्मक गणराज्य, आपल्याकडे लोकशाही गणराज्य. मग त्यांच्या सोसायट्यांत काय निराळं चालतं?’ दोन पायऱ्या चढून त्या वळल्या. ‘शाहीला कशाला धरताय? अण्णा लोक कुणाला म्हणाले ते ऐका परत.’

ऐकलं. ‘लोकांची पोरं’ आणि ‘लोकशाही आहे’ यांच्यात जेमतेम दहा सेकंदांचं अंतर आहे. पहिल्या वाक्यातले लोक म्हणजे परके आणि दुसऱ्यातले म्हणजे आपण. आपल्या घरगुती मराठीत लोक हे नेहमी दाराबाहेरच असतात. लोक काय म्हणतील, लोकांच्या वस्तूला हात लावू नकोस, लोकांच्या घरी असं मागून खाऊ नये. संविधानात ‘आम्ही, भारताचे लोक’ असं म्हणून आपण दारात पाऊल टाकलं खरं, पण जिन्यातली भाषा तशीच राहिली. अण्णांनी एका दमात लोकांना बाहेर काढलं आणि लोकांचंच राज्य आहे असं सांगितलं. ढोंग त्यात काडीचं नव्हतं. ते सरळ मराठी बोलत होते.

अथेन्समधला भाडेकरू

हा घोळ आपण एकट्यानेच घातलेला नाही. ज्या अथेन्समधून हा शब्द निघाला तिथेही डेमोसला, म्हणजे त्यांच्या ‘लोक’ला, दोन अर्थ होते: सगळे नागरिक मिळून एक, किंवा त्यांच्यातली साधी गोरगरीब माणसं. डेमोस म्हणजे गाव किंवा वस्ती असाही एक अर्थ होता. इसवी सनापूर्वी ५०८-५०७ च्या सुमाराला क्लाइस्थेनिस या अथेन्सच्या पुढाऱ्याने जुन्या चार जमाती मोडून दहा नव्या केल्या, त्याला आधार या वस्त्यांचा होता. पाचशेंचं मंडळ चिठ्ठ्या टाकून भरायचं, दर जमातीचे पन्नास. अ‍ॅरिस्टॉटलने तर लिहून ठेवलं आहे की पदं चिठ्ठीने वाटणं ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची. आमच्याकडे पार्किंगच्या जागा दरवर्षी चिठ्ठ्यांनी ठरतात. त्याला कुणी लोकशाही म्हणत नाही, पण भांडण न होणारा इमारतीतला तेवढाच एक विषय आहे.

अथेन्सच्या सभेत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते आणि मेटिकही नव्हते. मेटिक म्हणजे बाहेरून येऊन अथेन्समध्ये राहणारा. त्याने वेगळा कर भरायचा, आपल्यासाठी जबाबदार असा एक नागरिक दाखवायचा, आणि मत मात्र नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला हे वर्णन ओळखीचं वाटेल. खुद्द अ‍ॅरिस्टॉटल स्टॅगिराचा, अथेन्समध्ये मेटिक म्हणून राहिला. राज्यकारभारावर एवढं लिहिणाऱ्या माणसाला त्या शहरात हात वर करायची सोय नव्हती. शिवाय भोवती तरुण पोरांचा घोळका. आमचा ठराव क्रमांक ७ त्याला तंतोतंत लागू पडला असता.

खुर्च्यांमागे उभ्या असलेल्या बायकांचंही असंच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्यांत लाखो बायकांची नोंद ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी झाली होती. स्वतःचं नाव न सांगितल्याने जवळपास २८ लाख नावं वगळावी लागली. आमच्या भागपत्रांवरची पहिली नावं बघताना मला तो आकडा आठवतो.

३०२ मध्ये

सभेनंतर आठवड्याने मी वर गेलो. खरं तर पाणीपट्टीच्या फरकाचं निमित्त काढून. दार उघडंच होतं. फ्रीजवर चिकटवलेला कागद: सोमवार भांडी, मंगळवार झाडू. कोणाची पाळी कधी हे चिठ्ठीने ठरतं, शिरपूरच्या मुलाने सांगितलं. कॅप्टन केला होता एकदा, तो स्वतः भांडी घासेना.

झाकणाचं विचारलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

‘काका, केक झाकणावरच ठेवला होता. झाकण काढलं असतं तर केक कुठे ठेवला असता?’

आता झाकण सरकलं ते केक उचलताना की पहाटेच्या वाऱ्याने, ते मला माहीत नाही. पण सतरा हात वर जायच्या आधी हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता, आणि विचारायचं काम सेक्रेटरीचं होतं. स्पीकरचं मात्र त्यांनी लगेच कबूल केलं. बाळ आहे हे ठाऊकच नव्हतं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोघं जण २०२ मध्ये जाऊन माफी मागून आले. ते बाळाच्या आईने मला सांगितलं, त्यांनी नाही.

डोंबिवलीचं पत्र

३०२ च्या मालकीणबाई डोंबिवलीला शिक्षिका आहेत. त्यांचं रजिस्टर पत्र आलं, दीड पानी, शांत. मुद्दे तीनच. विषयाची सूचना सभासदांना गेलेली नव्हती. उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवावं लागतं, आणि कराराची प्रत व पोलिसांकडे दिलेली माहिती त्यांनी जूनमध्येच पाठवली होती. शिवाय मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क, जे शासनाच्या २००१ च्या आदेशाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही, ते त्या वेळेवर भरत होत्या. शेवटची ओळ: ‘माझ्या घराविषयीचा निर्णय मला चिवड्याच्या पुडीसोबत कळू नये, एवढीच अपेक्षा.’ चिवड्याचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

अण्णा चिडले. म्हणाले, मग बहुमताला अर्थ काय राहिला? मी त्यांना सहकार खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे घेऊन गेलो. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. ‘एक सभासद एक मत, हे कायद्यात आहे. पण ते मत कशावर टाकायचं त्याला कुंपण आहे. उपविधीच्या विरुद्ध ठराव तुम्ही एकमताने केलात तरी टिकायचा नाही.’ परत येताना स्कूटरवर अण्णा अवाक्षर बोलले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर म्हणाले, ‘म्हणजे आपण मालक नाही तर.’

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच.

दुसरी सभा

६ ऑक्टोबरला विशेष सर्वसाधारण सभा घेतली. या वेळी विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता, सूचना जिन्यात लागली होती आणि भाडेकरूंना बसायचं निमंत्रण होतं. मत नाही, पण बोलता येईल. त्यावरसुद्धा अर्धा तास वाद झाला.

बाईंनी पुण्यातल्या डॉ. आंबेडकरांच्या डिसेंबर १९५२ च्या भाषणाची आठवण काढली. लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं ते त्यांनी तिथे मांडलं होतं. बहुमताने अल्पमतावर जुलूम करू नये, ही त्यांपैकी एक अट. बाई पुढे म्हणाल्या, ‘आपल्या नाशकात १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह झाला. तेव्हा गावात हात मोजले असते तर किती वर गेले असते, सांगा.’ कुणी सांगितलं नाही. अण्णा पुटपुटले, ‘तो विषय वेगळा आहे.’ वेगळा आहेच. पार्किंगच्या भांडणाला काळाराम जोडणं मलाही जरा जड वाटलं. पण ‘हात मोजू’ हे उत्तर कुठे कुठे पुरत नाही, हे त्या एका प्रश्नाने जेवढं कळलं तेवढं माझ्या शब्दार्थांनी कळलं नसतं.

मग सुरगाण्याचा मुलगा उठला. आवाज बारीक, नजर खाली. ‘आमच्याकडे पेसा आहे, आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा. मतदारयादीत नाव आलं की ग्रामसभेत बसता येतं, बोलता येतं. मी अठराचा झालो तेव्हापासून जातो. इथे दोन वर्षं झाली, मेंटेनन्स भाड्यातूनच जातो आमचा. इथे मी कशातच नाही.’ बसताना म्हणाला, ‘स्पीकरचं चुकलं.’

ज्या तालुक्याचं नाव आमच्यापैकी अनेकांनी फक्त पावसाच्या आकड्यांत ऐकलेलं, तिथला मुलगा आम्हाला सभेची रीत सांगत होता. भिंतीला टेकलेल्या बायकांपैकी एकीने, २०२ मधल्या बाळाच्या आईने, कुणाला न विचारता त्याच्यानंतर बोलायला सुरुवात केली. तिला कुणी थांबवलं नाही. ती म्हणाली, मुलांना काढू नका, गच्चीला कुलूप लावा. आणि सगळ्यांसाठी लावा, गेल्या गणपतीत साडेअकरापर्यंत पत्ते खेळत कोण बसलं होतं तेही लिहा.

ठराव ७ रद्द झाला. नवा ठराव असा: रात्री १० ते सकाळी ६ गच्ची सर्वांना बंद. तक्रार लेखी द्यायची आणि ज्याच्याविरुद्ध आहे त्याचं ऐकल्याशिवाय, तो भाडेकरू असला तरी, कारवाई नाही. सणासाठी सूट हवी तर निम्म्या सदनिकांच्या सह्यांचा अर्ज. बाजूने २१, विरोधात ३. अण्णांनी बाजूने हात वर केला, शेवटी आणि अर्धाच, पण केला.

कोजागरी

दहा दिवसांनी, १६ ऑक्टोबरला कोजागरी आली. अण्णांचं मसाला दूध हा इमारतीतला मोठा सोहळा असतो. दूध आटवायचं आठला, चंद्र दाखवायचा बाराला. आणि गच्चीला दहाला कुलूप. नियम करताना हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी अण्णा सह्यांचा कागद घेऊन फिरत होते. त्याच दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली होती, आचारसंहिता लागली होती, आणि अण्णा प्रत्येक दारात ‘माझाही प्रचार सुरू’ म्हणत होते. अठरा सह्या हव्या होत्या. काही जण गावाला, दोघांनी जुन्या रागातून नकार दिला. साडेनऊला ते माझ्या दारात आले तेव्हा सोळा झाल्या होत्या, माझी धरून.

जिन्यात ३०२ मधला शिरपूरचा मुलगा आणि त्याच्यामागे समोरच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या ताई उभ्या होत्या. मुलगा म्हणाला, ‘काका, आमची सही चालेल का?’

‘सभासदांचीच लागते,’ अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ‘लागते ना?’

मी वही आणली. ठरावात ‘निम्म्या सभासदांच्या’ असं लिहायला हवं होतं. माझ्या हातून ‘निम्म्या सदनिकांच्या’ असं गेलं होतं, सभेत तसंच वाचलं गेलं होतं आणि तसंच एकवीस जणांनी मंजूर केलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाची ही चूक. मी ती ओळ मोठ्याने वाचली.

‘परत वाच,’ अण्णा म्हणाले.

परत वाचली.

अण्णांनी कागद जिन्याच्या कठड्यावर ठेवला, खिशातलं पेन काढून मुलाच्या हातात दिलं. ‘नाव नीट लिही. वाचता आलं पाहिजे.’